लोकमत आणि उमेदवाराची पारख

(विश्वकर्मा जयंतीच्या उत्सवात थेरगाव येथे भरलेल्या सुतार ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आजच्या मंगल दिवशी दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, याबद्दल कार्यकारी मंडळाचे आम्ही ऋणी आहोत. दरवर्षी या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, वधूवरांच्या नोंदी होतात, जमाखर्च वाचला जातो. राजकारण मात्र आपण पायांतील वहाणांबरोबर दाराबाहेर ठेवून येतो. ही प्रथा चांगली आहे आणि ती मोडावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु मंडळापुढे एक प्रश्न उभा राहिला आहे आणि तो प्रत्येक सभासद कुटुंबाचा असल्यामुळे त्याविषयी उघड बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. निवडणुकीत एखाद्या उमेदवारास मंडळाने समाजाच्या नावाने पाठिंबा जाहीर करावा काय, हा तो प्रश्न होय. एका उमेदवाराकडून तसा निरोप आला होता आणि निरोपाबरोबर समाजाच्या सभागृहाचे आश्वासनही आले होते. त्या गृहस्थांचे नाव घेण्याचे कारण नाही. असे निरोप अनेक पक्षांकडून अनेक लहान ज्ञातींकडे जात असतात. आपण त्यास काय उत्तर द्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

आपण मूळचे बलुतेदार. नांगर, पाभर, बैलगाडी, दाराची चौकट आणि मुलाचा पाळणा हे सारे सुताराच्या हातून घडत असे, आणि सुगीच्या दिवसांत शेतकरी त्याचे बलुते खळ्यावर मोजून देत असे. पुढे पवनेच्या खोऱ्यात कारखानदारी आली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागाहून टेल्को आली, बजाज आली, आणि गावोगावचे आपले बांधव आपली हत्यारे घेऊन इकडे आले. कोणी पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी नमुने करू लागले, कोणी डांगे चौकाच्या आसपास लहानसे दुकान थाटले. बलुत्याच्या जागी पगार आला. परंतु एक गोष्ट आपल्या हाती राहिली, ती म्हणजे पारख.

सुतार लाकूड घ्यावयास वखारीत जातो तेव्हा वखारवाल्याच्या बोलण्यावर विसंबत नाही. तो फळी उचलून वजन पाहतो, टिचकी मारून नाद ऐकतो, एका टोकास डोळा लावून पीळ आहे काय ते निरखतो, गाठ कोठे आहे आणि आतून पोखर आहे काय ते तपासतो. पुट्टी भरून वर पॉलिश चढविलेली वस्तू नवख्या गिऱ्हाइकास भुलवील, सुतारास भुलविणार नाही. चौकटीच्या चार लाकडांसाठी आपण एवढा विचार करतो. मग पाच वर्षांचा कारभार ज्याच्या हाती द्यावयाचा, त्याची पारख करताना ही बुद्धी कोठे जाते, असा प्रश्न आम्ही नम्रपणे आपणांस विचारतो.

उमेदवाराविषयी लोकमत कसे बनते, हे पाहावयास दूर जाण्याची गरज नाही. आपले थेरगाव मावळ लोकसभा मतदारसंघात येते. पिंपरी, चिंचवड व मावळ ही घाटावरची आणि कर्जत, उरण व पनवेल ही घाटाखालची, अशी सहा विधानसभा क्षेत्रे त्यात आहेत. २०१४ पासून तेथून निवडून येणारे श्री. श्रीरंग बारणे हे थेरगावचेच. २०१९ साली त्यांच्यासमोर अजित पवार यांचे पुत्र श्री. पार्थ पवार उभे होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात चिंचवड येथे प्रचाराच्या आरंभीच्या सभेत पार्थ पवार बोलावयास उभे राहिले आणि अडखळले. ते काही मिनिटांचे भाषण घरोघरच्या मोबाईलमध्ये पोहोचले आणि त्याची मोठी थट्टा झाली. पुढे दोन लाखांहून अधिक मतांनी त्यांचा पराभव झाला.

या घटनेचा विचार आम्ही कोणाच्या बाजूने वा विरुद्ध करीत नाही. आपण ज्यास लोकमत म्हणतो त्यात किती प्रकारचे जिन्नस मिसळलेले असतात, ते दाखविण्यासाठी करीत आहोत. त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून कारखान्याच्या उपाहारगृहापर्यंत चर्चा झाली ती भाषणाची. तरुण माणूस पहिल्या सभेत अडखळला, यावरून त्याचे वक्तृत्व कच्चे होते एवढेच सिद्ध होते. त्याच्या सचोटीविषयी त्यातून काहीही कळत नाही. उलट, ज्याची जीभ कधीच अडखळत नाही असा वक्ता प्रामाणिक असतोच असेही नाही. त्याचप्रमाणे, उमेदवार मोठ्या घराण्यातला आहे म्हणून त्यास मत देणे जितके आंधळेपणाचे, तितकेच त्याच एका कारणासाठी मत नाकारणेही अपुरे. आणि समोरचा उमेदवार आपल्या गावचा आहे, म्हणून तो आपला, हे मापही पारखीचे नव्हे. गावचा असणे हा गुण नाही आणि दोषही नाही. मतांची संख्या कोण हवा ते सांगते. का हवा, ते सांगत नाही. ते कारण प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावयाचे असते.

या गोष्टीचा उत्तरार्धही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०१९ साली जे परस्परांविरुद्ध लढले, त्यांचे पक्षगट २०२४ साली एकाच आघाडीत होते, आणि ज्यांच्या पुत्राचा पराभव झाला त्यांच्याच पक्षाने विजयी उमेदवाराच्या पुढील प्रचारास साथ दिली. राजकारणात असे घडते. त्यास कोणी मुत्सद्देगिरी म्हणेल, कोणी आणखी काही म्हणेल. परंतु त्या पहिल्या निवडणुकीत ज्या घरी भावाशी भाऊ बोलेनासा झाला, त्या घराचे काय? नेत्यांनी हात मिळविले. शेजाऱ्यांचा अबोला मात्र राहिला. पक्षाच्या झेंड्यासाठी नात्यागोत्यांत वैर धरू नये, हा धडा आपल्या कुटुंबांनी यातून घेतला तरी पुष्कळ झाले.

आता सचोटीच्या प्रश्नाकडे वळू. कोणत्याही उमेदवाराचे नाव काढा, "सगळे सारखेच" हे उत्तर तयार असते. हे वाक्य शहाणपणाचे वाटते, परंतु त्याच्याइतके लबाड माणसाच्या सोयीचे वाक्य दुसरे नाही. सगळेच सारखे असतील तर पारख करण्याचे श्रम वाचतात, आणि ज्याचे लाकूड पोखरलेले आहे त्याची भीतीही जाते. दुसऱ्या बाजूस, कोणाविषयीही काहीही ऐकून ते पुढे पाठविणे हाही तितकाच मोठा दोष आहे. लोकप्रतिनिधित्वाचा जो कायदा १९५१ साली झाला, त्याच्या १२३ व्या कलमात उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, खोटे आहे हे ठाऊक असताना अथवा खरे मानत नसताना त्याच्या निवडणुकीस बाध येईल असे विधान प्रसिद्ध करणे हे भ्रष्ट आचरण ठरविले आहे. कायदा उमेदवार, त्याचे प्रतिनिधी आणि त्यांच्या संमतीने वागणारे यांस बांधतो. सामान्य माणसास त्याची सद्सद्विवेकबुद्धी बांधते. ज्या वार्तेची आपण हमी घेणार नाही, ती आपल्या ज्ञातीच्या गटात तरी फिरवू नये.

ऐकीव वार्तेऐवजी आज आपल्या हाती लेखी साधन आहे. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने त्या निर्णयास मुरड घालणारी दुरुस्ती केली, तेव्हा १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तोच हक्क पुन्हा प्रस्थापित केला. तेव्हापासून प्रत्येक उमेदवारास अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याच्यावर कोणते फौजदारी खटले आहेत, त्याची, पत्नीची अथवा पतीची आणि अवलंबितांची मालमत्ता किती, देणी किती, शिक्षण काय, हे सर्व त्यात लिहावे लागते. खोटी माहिती देणे अथवा माहिती दडविणे हा शिक्षेस पात्र अपराध आहे. महानगरपालिकेच्या निवडणुकीतही असे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते. १३ फेब्रुवारी २०२० च्या निर्णयाने तर पक्षांवरही बंधन घातले आहे : खटले असलेला उमेदवार दिला, तर तोच का निवडला याची कारणे प्रसिद्ध केली पाहिजेत, आणि 'निवडून येण्याची शक्यता' एवढे कारण पुरेसे नाही.

हे कागद कोणासही पाहता येतात. आपल्या घरातील महाविद्यालयात जाणारी मुले ते पाच मिनिटांत मोबाईलवर काढून देतील. ते वाचावे कसे, हे मात्र वडीलधाऱ्यांनी शिकवावे. नुसता खटला आहे म्हणून माणूस अपराधी ठरत नाही. आंदोलनात रस्ता अडविल्याचा खटला निराळा आणि खंडणीचा खटला निराळा. मालमत्ता मोठी आहे म्हणूनही कोणी अप्रामाणिक ठरत नाही. या पट्ट्यात जमिनींच्या किमती कशा चढल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु पूर्वीचे प्रतिज्ञापत्र आणि आताचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवावे, वाढ पाहावी, उत्पन्नाचे साधन पाहावे, आणि हिशोब जुळत नसेल तर सभेत उभे राहून प्रश्न विचारावा. प्रामाणिक उमेदवारास असा प्रश्न खुपत नाही.

प्रचार हीसुद्धा सचोटीची एक परीक्षा आहे. २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपये आणि विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपये एवढी खर्चाची मर्यादा आहे. पिंपरीपासून उरणपर्यंत पसरलेल्या मतदारसंघात फलक, गाड्या, मंडप आणि जेवणावळी यांचा अंदाज करावयास मोठा हिशेबनीस लागत नाही. ज्याचा खर्च डोळ्यांस एक दिसतो आणि कागदावर दुसरा दिसतो, त्याने कारभाराचा पहिला हिशोबच खोटा लिहिला असे समजावे. पैसे अथवा वस्तू वाटल्या जात असतील तर निवडणूक आयोगाच्या 'सी-व्हिजिल' या साधनावर छायाचित्रासह तक्रार करता येते आणि शंभर मिनिटांत तिची दखल घेण्याची व्यवस्था केलेली आहे. आणि एक गोष्ट विसरू नये : कायद्याच्या दृष्टीने लाच देणारा जसा दोषी, तसा घेणाराही दोषी.

आता जातीविषयी. हे भाषण ज्ञातीच्या मेळाव्यात होत आहे, म्हणून हा भाग अधिक स्पष्ट बोलला पाहिजे. १९९० साली मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातून श्री. अभिराम सिंह निवडून आले. त्यांच्या निवडीस आव्हान दिले गेले आणि प्रचारातील धर्माच्या आवाहनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला की धर्म, वंश, जात, समाज अथवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हे, उमेदवाराच्या जातीचे नाव घेऊन असो वा मतदाराच्या, भ्रष्ट आचरणच होय. ज्या तीन न्यायमूर्तींचे मत निराळे पडले त्यांचेही म्हणणे विचारार्ह आहे. जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी तो निवडणुकीत मांडणे हे लोकशाहीचेच काम आहे, असा त्यांचा आशय होता. या दोहोंतून आम्ही आपल्यापुरता अर्थ असा काढतो : आपली गाऱ्हाणी निःसंकोचपणे मांडावीत, आपली मते मात्र गाठोडे बांधून कोणाच्या ओट्यावर नेऊन ठेवू नयेत.

येथे सभागृहाचा प्रश्न येतो, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. आपली संख्या थोडी आहे. लग्नकार्यास मंगल कार्यालयाचे भाडे परवडत नाही, गावाकडून शिकावयास येणाऱ्या मुलींस राहण्याची सोय नाही. "इतर समाज आपापले साधून घेतात, मग आपणच का सोवळे राहावे?" असे काही बांधव म्हणतात. त्यांच्या बोलण्यात स्वार्थ नाही. मुलाबाळांची काळजी आहे, हे आम्ही जाणतो. तथापि त्यांनी तीन गोष्टींचा विचार करावा. सभागृह उमेदवाराच्या खिशातून होत नाही. ते झालेच तर महानगरपालिकेच्या अथवा शासनाच्या पैशातून होते, आणि तो पैसा आपणच कररूपाने भरलेला असतो. जे हक्काने मागता येते, ते दानासारखे का घ्यावे? दुसरे असे की, एका उमेदवारास पाठिंबा दिला आणि तो पडला, तर निवडून आलेल्याच्या दारी आपण कोणत्या तोंडाने जावयाचे? लहान ज्ञातीस हा जुगार परवडणारा नाही. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, असे की पाठिंब्याचे पत्रक कार्यकारी मंडळातील दहाबारा माणसे काढतात. परंतु ते मत असते हजारो माणसांचे, त्यांतील निम्म्या स्त्रियांचे. त्यांस कोणी विचारले?

बलुते हे श्रमाचे मोल होते. सुताराने नांगर करून दिला म्हणून धान्य घेतले. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. मत ही मात्र बलुत्यासारखी देण्याघेण्याची वस्तू नव्हे. ते एकदा मोजून घेतले की पुढील पाच वर्षे प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्याबरोबर विकला जातो. ज्याने किंमत चुकती केली तो जबाब कशाला देईल?

प्रामाणिक माणूस उभा राहिला तरी तो निवडून येत नाही, असेही आपणांपैकी कित्येक निराशेने म्हणतात. यात तथ्य आहे. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत पराभव पत्करावा लागला, आणि १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही यश आले नाही. प्रा. मधु दंडवते यांनी १९७१ पासून पाच वेळा राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले, रेल्वे आणि अर्थ ही खाती सांभाळली, त्यांच्या निःस्पृहतेविषयी विरोधकही आदराने बोलत. तरी १९९१ साली ते पराभूत झाले. लोकमत म्हणजे न्यायदेवतेचा काटा नव्हे. परंतु याच महाराष्ट्रात सांगोल्याने गणपतराव देशमुखांस अकरा वेळा विधानसभेत पाठविले. दोनदा पाडलेही, आणि पुन्हा निवडून दिले. एस. टी. च्या गाडीने प्रवास करणारा हा आमदार २०२१ साली निवर्तला, तेव्हा त्याच्या साधेपणाची कथा साऱ्या महाराष्ट्राने सांगितली. असे प्रतिनिधी आकाशातून पडत नाहीत. त्यांस मतदार घडवितात आणि जपतात.

आपल्या चिंचवड मतदारसंघाचीही एक आठवण सांगितली पाहिजे. आमदार लक्ष्मण जगताप यांच्या राजकारणाविषयी आपणांत मतभेद असतील. परंतु २०२२ च्या जून महिन्यात, आजार बळावलेला असताना, ते रुग्णवाहिकेतून मुंबईस गेले आणि राज्यसभेच्या निवडणुकीत त्यांनी आपले मत दिले. ३ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी २६ फेब्रुवारीस पोटनिवडणूक झाली, तीत श्रीमती अश्विनी जगताप ३६ हजारांच्या मताधिक्याने निवडून आल्या. त्या दिवशी मतदान किती झाले? सुमारे ५० टक्के. दर दोन मतदारांपैकी एक घरी बसला. ज्या जागेचा धनी मृत्युशय्येवरून मतदानास गेला, त्या जागेसाठी धडधाकट माणसे कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत गेली नाहीत. मग "लोकांचे मत असे आहे" हे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? निम्म्या लोकांनी ते सांगितलेलेच नाही.

आणि मत देण्याची संधी दरवेळी मिळतेच असेही नाही. आपल्या महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा कोठे नगरसेवक पुन्हा आले. मधल्या काळात नळाच्या पाण्यासाठी, दिव्यासाठी वा गटारासाठी कोणाचे दार ठोठवावे, हे कित्येकांस समजत नव्हते. निवडून दिलेला माणूस नसणे म्हणजे काय, हे आपण अनुभवले आहे. म्हणून पुढे मत द्यावयाचे ते जाणून द्यावे.

शेवटी, कार्यकारी मंडळाने विचारार्थ घ्याव्यात अशा काही सूचना आम्ही मांडतो. मंडळाने कोणत्याही उमेदवारास अथवा पक्षास समाजाच्या नावाने पाठिंबा देऊ नये. सभासदांनी व्यक्तिशः कोणाचेही काम खुशाल करावे, परंतु मंडळाचे नाव व शिक्का वापरू नये. मुलींच्या वसतिगृहाची आणि सभागृहाची मागणी एकाच लेखी निवेदनाने सर्व उमेदवारांकडे पाठवावी आणि आलेली उत्तरे जशीच्या तशी सभासदांपुढे ठेवावीत. सर्व उमेदवारांस एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर, सारखाच वेळ देऊन बोलवावे; हार-तुरे नकोत, प्रश्न असावेत. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा सारांश तयार करण्याचे काम आपल्या तरुण-तरुणींकडे द्यावे. आणि घरातील कर्त्या पुरुषाने सून, पत्नी वा मुलगी यांस "अमक्याचे बटण दाब" असे सांगण्याचे सोडावे. त्यांनी आपल्या पारखीने मत द्यावे आणि ते कोणास दिले, हे विचारूही नये. मतदान गुप्त आहे ते घरातसुद्धा.

ही बंधने घातल्याने सभागृह कदाचित दोन वर्षे उशिरा उभे राहील. परंतु ते उभे राहील त्या दिवशी त्याच्या कोनशिलेवर कोणाचे नाव कोरावे, या चिंतेने आपल्या समाजाची मान वाकणार नाही. सभासद कुटुंबांनी या सूचनांवर आपापल्या घरी बोलावे, मतभेद असल्यास ते मंडळाकडे लेखी कळवावेत, आणि सर्वसाधारण सभेत मोकळ्या मनाने निर्णय घ्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय विश्वकर्मा!